नाव विचारायचं राहून गेलं

लेक तीन दिवसांची. डिस्चार्जसाठी बॅगा भरल्या होत्या आणि तिने उलटी केली. हिरवी. आम्हाला वाटलं, बाळं दूध टाकतातच. सिस्टर, तुम्ही मात्र ते दुपटं खिडकीशी नेऊन पाहिलंत. "हे दूध नाही, पित्त आहे. आता पाजू नका," म्हणालात आणि धावत डॉक्टरांना घेऊन आलात.

तिचं आतडं जन्माआधी पोटात नीट वळून बसलंच नव्हतं, त्यामुळे त्याला पीळ पडला होता. रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत आतडं काळं पडतं, हे नंतर सर्जननी सांगितलं. तिचं वाचलं. पोट अजून फुगलंही नव्हतं; खूण होती ती फक्त त्या हिरव्या रंगाची.

स्वारगेटच्या चौकात आमच्या ॲम्ब्युलन्ससाठी वाट करून देणारे रिक्षावाले दादा, आयसीयूबाहेर रात्रभर माझ्या आईचा हात धरून बसलेल्या हडपसरच्या मावशी, तुमचेही मनापासून आभार.

सिस्टर, लेक आता चाळीस दिवसांची आहे, पोटभर दूध पिते. एकदा भेटा. तिला तुमच्या मांडीवर द्यायचंय.