शॅमेलिऑनचे पिल्लू घरी येण्याआधी आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे राहायला याल तेव्हा घरात शॅमेलिऑनचे, म्हणजे घोयऱ्या सरड्याचे, एक लहान पिल्लू असेल, हे मी फोनवर सांगितले तेव्हा तुम्ही दोघांनी एकेक प्रश्न विचारला होता. त्याच्यापासून माणसांना काही आजार होतो का, हे आईने विचारले आणि एवढासा जीव आपल्या हातून जगेल का, हे बाबांनी. दोन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत. फोनवर घाईघाईने उत्तर देण्यापेक्षा ते नीट लिहून कळवावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

आधी बाबांच्या प्रश्नाचे पाहू. येणारे पिल्लू व्हेल्ड शॅमेलिऑन या जातीचे आहे. ही जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली. रानातून पकडून आणलेल्या सरड्यांच्या पोटात बहुधा जंत असतात आणि पकडले जाण्याचा व प्रवासाचा ताण त्यांना सोसत नाही. म्हणून आम्ही माणसांकडे जन्मलेले आणि कागदपत्रे असलेले पिल्लूच घ्यायचे ठरवले. ते साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याच्या पाळणाऱ्याकडेच राहील, कारण त्याहून लहान वयात जागा बदलली तर ती पिल्ले पटकन खालावतात. निगा नीट राहिली तर या जातीचा नर सहा ते आठ वर्षे जगतो.

मात्र या प्राण्याची एक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. तो आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसतो तोच आधी शिकार होतो, त्यामुळे शेवटपर्यंत धडधाकट दिसत राहण्याची त्याची धडपड असते आणि आपल्याला लक्षण दिसते तेव्हा आजार बऱ्याचदा जुना झालेला असतो. म्हणून त्याच्याकडे रोज पाहायचे, आणि सर्वांत आधी डोळ्यांकडे. निरोगी पिल्लाचे डोळे शंकूसारखे बाहेर आलेले, टवटवीत आणि सतत फिरते असतात, एक पुढे पाहत असताना दुसरा मागे वळलेला असतो. तेच डोळे खोल गेलेले दिसले किंवा दिवसाढवळ्या ते डोळे मिटून बसलेले दिसले, तर ‘झोपले असेल’ असे समजू नये. निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही.

डोळे खोल जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. वाटीत ठेवलेले स्थिर पाणी बहुतेक शॅमेलिऑनना पाणी म्हणून ओळखूच येत नाही. ते पानांवरचे थेंब चाटतात. त्यामुळे दिवसातून ठरावीक वेळी पानांवर बारीक तुषार मारावे लागतात आणि मधल्या वेळात पाने व हवा सुकू द्यावी लागते. पाणी पुरते आहे की नाही हे त्याच्या विष्ठेवरून कळते. तिच्यासोबत पडणारा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक. तो पिवळा किंवा नारिंगी झाला की पाणी कमी पडते आहे असे समजावे. पिल्लाचे अंग इतके लहान असते की मोठा सरडा जी हेळसांड काही दिवस सोसेल ती त्याला एका दिवसात महागात पडते. उष्णतेचेही तसेच. ऊब घेण्याच्या फांदीवर २९ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान पिल्लाला पुरे होते, आणि नको तेव्हा बाजूला सरकायला थंड, पानांनी झाकलेली जागा लागते.

यानंतरचा मोठा धोका हाडांचा. आई, लहान मुलांच्या मुडदुसाबद्दल तू आम्हाला सांगायचीस, हा साधारण तोच आजार आहे. कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले की वाढत्या पिल्लाची हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लवचीक होतो, फांदीवरची पकड सुटते आणि जीभ नीट सुटत नाही, म्हणजे समोर किडा असूनही ते उपाशी राहते. वाकलेले हाड पुन्हा पूर्ववत होत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व त्याच्या त्वचेत तयार होते ते उन्हातल्या अतिनील-बी (यूव्हीबी) किरणांमुळे, आणि हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. ‘उन्हाच्या खिडकीत ठेवले की झाले’ ही समजूत त्यामुळेच घातक ठरते. त्याला खास दिवा लागतो. हा दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असला तरी त्यातले किरण हळूहळू क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिने ते वर्षभरात, तो बदलायचा असतो.

खाण्यात रातकिडे असतील. रातकिड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, म्हणून आधी त्यांना स्वतःला चांगला पाला खाऊ घालायचा आणि देताना अंगावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात राहू द्यायचे नाहीत, कारण झोपलेल्या पिल्लाला ते चावतात. आणि बाबा, तुम्ही कौतुकाने बागेतला एखादा किडा आणून द्याल, म्हणून आधीच विनवते की तसे करू नका. बाहेरच्या किड्यांवर फवारणीचे विष असू शकते, आणि काजवे तर सरड्यांना जीवघेणे ठरतात.

पिंजरा जाळीचा आहे, कारण कोंडलेल्या दमट हवेत फुप्फुसांचा संसर्ग लवकर होतो. ऊब घेण्याच्या जागेपासून दूर असतानाही तोंड उघडे ठेवणे, मान वर करून श्वास घेणे, श्वासाबरोबर टिकटिक आवाज येणे किंवा नाकातोंडाशी बुडबुडे दिसणे, यांतले काहीही दिसले तरी लगेच मला सांगा. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य आम्ही आधीच ठरवून ठेवला आहे, कारण सगळेच पशुवैद्य हे प्राणी पाहत नाहीत. पहिल्या आठवड्यातच विष्ठेची तपासणी होईल. सुरुवातीचे काही दिवस त्याला कोणीही हातात घ्यायचे नाही, हे तुमच्या नातीने मान्य केले आहे, आणि तिच्यासाठी ते सोपे नाही.

आता आईच्या प्रश्नाबद्दल. होय, एक आजार खरोखर होऊ शकतो, आणि तो मी सौम्य करून सांगणार नाही. शॅमेलिऑन विषारी नाही, पण पुष्कळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असतात. प्राणी स्वतः ठणठणीत असतो, जिवाणू कधी बाहेर पडतात, कधी पडत नाहीत, त्यामुळे एकदा तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. माणसाला त्यामुळे ताप, जुलाब आणि पोटात कळा येतात. धडधाकट माणूस आठवड्याभरात बरा होतो. पाच वर्षांखालची मुले, पासष्टीपुढची माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना मात्र तो रुग्णालयापर्यंत नेऊ शकतो. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच जिवाणूंमुळे, कारण मुले ती इवली कासवे तोंडात घालत.

तुम्ही दोघेही पासष्टीच्या पुढे आहात, म्हणून काही गोष्टी मी ठरवूनच टाकल्या आहेत. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूरच्या खोलीत असेल. त्याची भांडी आणि फांद्या स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये कधीही धुतल्या जाणार नाहीत. पिंजऱ्याची सफाई, किड्यांचा डबा आणि विष्ठा ही कामे माझी. घर आवरताना आईने त्या डब्याला हातही लावू नये. चुकून पिंजऱ्याला हात लागलाच तर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवा, आणि त्याआधी चष्मा, औषधाची डबी किंवा खाणे हातात घेऊ नका. दादाचा धाकटा अजून पाच वर्षांचा नाही, म्हणून तो येईल तेव्हा त्या खोलीचे दार बंद राहील. पाहण्याला मात्र कसलीच आडकाठी नाही. दुपारी घरात तुम्ही दोघेच असाल, आणि बाबांची नजर बारीक आहे, तेव्हा पिल्लाचे डोळे उघडे आहेत ना आणि ते फांदी घट्ट धरून आहे ना, एवढे लांबूनच पाहत गेलात तर माझी मोठी मदत होईल.

आणखी एक काम निघण्याआधी करा. पोटातले आम्ल अशा जिवाणूंना अडवते, आणि बाबा रोज घेतात त्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी ते आम्ल कमी होते, त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. आईच्या मधुमेहाचाही विचार करायला हवा. गोळ्या मनाने बंद करू नका; पण नेहमीच्या डॉक्टरांना घरात सरडा असणार आहे हे स्पष्ट सांगा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा. त्यांनी पिल्लाच्या घरात राहू नका असे सांगितले, तर तुम्ही परत जाईपर्यंत पिल्लू पाळणाऱ्याकडेच राहील. तसे पाळणाऱ्याशी माझे बोलणे झाले आहे. आमच्याकडे आल्यावर जुलाब किंवा ताप आला तर तो साधा समजून अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना पिल्लाबद्दल आवर्जून सांगा.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की फोन करा. मी वाट पाहते.

तुमची लेक