मी फिल्टर लावला नव्हता

नागपूर,
२८ एप्रिल

प्रिय मन्या,

मी फिल्टर लावला नव्हता. रामटेकच्या फोटोत माझे ढग उठून आले ते पिवळ्या फिल्टरमुळे, हा तुझा जुना आरोप; पण त्या दिवशी माझ्या लेन्सवर धुळीशिवाय काहीही नव्हतं. हे मी तेव्हाच बापूंच्या स्टुडिओत सांगितलं होतं, तुझ्या लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं, वहिनींना साक्षी ठेवून सांगितलं होतं. आता पुराव्यानिशी सांगतो. पुरावा गच्चीवर सापडला, आणि त्या पुराव्यापायी घरात जे काही चालू झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर राहिलं. राहिलं म्हणजे राहिलंच, कारणं देत बसत नाही. माझी शुगर आहे तिथेच आहे. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता घरातली सगळी धूळ तिला दिसून राहिली, म्हणून माझे हाल. तुझा गुडघा कसा आहे ते पुढच्या पत्रात लिही, पण चार ओळींत. आणि चिऊ बाळंतपणाला येतेय. तारीख जूनमधली आहे, ती मेच्या पंधरवड्यात येईल. घोळ तिथूनच सुरू होतो.

तर आपली सुपर टाकुमार लेन्स. ५० मिमी, एफ १.४, म्हणजे मोठ्या छिद्राची. ‘आपली’ म्हणतो, कारण निम्मे पैसे तुझे होते हे तू कधी विसरू देत नाहीस. वाटणीत कॅमेऱ्याची बॉडी तू नेलीस, लेन्स मी ठेवली. दोन भाऊ असे बैलजोडी वाटून घेत नाहीत बे. ती काच पिवळी आहे हे आपल्याला तेव्हाही दिसायचं. बापू म्हणायचे, माझ्या पानाची पिंक उडाली असेल. आपण हसायचो आणि रोल भरायचो. मधल्या काळात ती एवढी पिवळी झाली की पांढऱ्या कागदावर धरली तर चहातून बघितल्यासारखं व्हायचं.

कारण साधं आहे. काचेत थोरियम ऑक्साइड घातलं की ती प्रकाश जास्त वळवते, पण रंग फारसे फाकू देत नाही. म्हणून त्या काळच्या बऱ्याच कंपन्यांनी मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये तशी काच वापरली. १९६४ सालची पहिली १.४ आठ काचांची होती, तिच्यात थोरियम नव्हतं. आपली त्यानंतरची, सात काचांची. थोरियम किरणं सोडत बसतं, त्या किरणांनी काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि भलत्याच जागी अडकतात, आणि तिथे निळा प्रकाश गिळला जातो. उरतं ते पिवळं. उन्हातले अतिनील किरण भरपूर मिळाले की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि काच उजळते. लोक त्यासाठी दिवे विकत घेतात. नागपुरात ऊन विकत घ्यायची पाळी अजून कुणावर आलेली नाही.

मेच्या उन्हात मात्र ठेवायची नाही. पंचेचाळीस अंशांत फोकसच्या चुडीतलं ग्रीस पातळ होतं, तेल सुटून छिद्राच्या पाकळ्यांवर जातं, आणि मग छिद्र झटक्यात मिटत नाही, आळस देत मिटतं. नंदूची पेंटॅकॉन लेन्स अशीच गेली, गाडीच्या डिकीत. म्हणून मी फाल्गुनातच उरकायचं ठरवलं. गच्चीवर दोन पाट शेजारी शेजारी, मधल्या फटीवर लेन्स, तोंड वर, छिद्र पूर्ण उघडं, फोकस अनंतावर. खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, म्हणजे ऊन खालून परत वर जाईल. रोज सकाळी मांडायची, ऊन टिपेला पोचायच्या आत उचलायची.

आता फाल्गुन म्हणजे गच्ची हिची. कुरडया. त्याच चादरीच्या एका टोकाला माझे पाट. एका सकाळी डबा भरताना फॉइल संपली म्हणून ही वर आली आणि लेन्सखालची फॉइल उचलून घेऊन गेली. तिचं म्हणणं, फॉइल तिचीच होती. मान्य. पण लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती एम ४२ स्क्रू माउंटची चकती ते फिल्म हे अंतर ४५.४६ मिलिमीटर, आणि आमच्या पाटाची उंची, आजोबांच्या सुताराला देव सद्गती देवो, जवळपास तेवढीच. सूर्य काय, अनंतावरच असतो, म्हणजे सगळं ऊन चादरीवर एका टिंबात. मी वर पोचलो तेव्हा चादरीतून धुराची बारीक रेघ निघत होती आणि जवळची एक कुरडई कडेनं तपकिरी होऊन राहिली होती. मोहरीएवढं भोक. मी आधी वाकून ते भोक किती गोल आहे ते पाहिलं. हिने ते पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी चिऊचा व्हिडिओ कॉल. हिने तक्रार करताना लेन्स कॅमेऱ्यासमोर धरली. जावईबापू गरीब माणूस, पण हात सतत फोनवर. दोन मिनिटांनी हळूच म्हणतात, “बाबा, ही लेन्स रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे म्हणे.”

संपलं. घरात त्या क्षणापासून अणुयुग सुरू झालं.

मन्या, मी तिला काय काय नाही समजावलं! थोरियमचा अल्फा कण कागदाच्या कपट्यानं अडतो, तो काचेबाहेरच येत नाही म्हटलं तरी चालेल. बीटा-गॅमा बाहेर येतात, पण अगदी थोडे, आणि हातभर लांब गेलं की आणखी कमी. काच फोडून पूड नाकात ओढली किंवा दिवसरात्र डोळ्याला लावून बसलं तर गोष्ट वेगळी. म्हटलं, आपल्या लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्स होत्या की नाही? त्या बत्तीची मेंटल म्हणजे जवळजवळ निव्वळ थोरियम ऑक्साइड. डोक्यावर बत्त्या घेतलेले लोक माझ्या घोड्याभोवती नाचत होते. ती म्हणाली, घोड्यावर तुम्ही होता, आणि तेव्हापासूनच तुमचं डोकं असं आहे. यावर काय बोलणार.

मग अर्धं आयुष्य सांगून बसलो. म्हटलं, थोरियम एवढं सावकाश झडतं की निम्मं व्हायला सुमारे १४०० कोटी वर्षं लागतात. सावकाश म्हणजे सौम्य. तिने एवढंच ऐकलं की ते १४०० कोटी वर्षं जात नाही. आणि बाळ येतंय जूनमध्ये.

मी हसून लिहितोय, पण तुला खरं सांगू? आकडे मला पाठ आहेत, एकही आकडा घाबरण्यासारखा नाही. लेन्स वरच्या खोलीत गोदरेजच्या कपाटात, बाळ खाली माजघरात, मध्ये स्लॅब. एवढ्यानं काही होत नाही हे मी कुणालाही पटवून देईन. तरी परवा रात्री ती टेबलावर होती, मी तिची पुढची रिंग पुसत होतो, आणि चिऊची सोनोग्राफी झाल्याचा फोन आला. बोलता बोलता मी खुर्ची मागे सरकवलेली. का सरकवली ते मला माहीत नाही. हिने ते दारातून पाहिलं आणि, आश्चर्य म्हणजे, काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आता तिची बाजू माझ्याच खुर्चीनं घेतली.

तेव्हा लेन्स घराबाहेर जाणार हे ठरलं. प्रश्न कुठे हा आहे. शेजारच्या पंतांकडे दोन वर्षांची नात. बँकेच्या लॉकरचं विचारणार होतो, मग तुझा बँकवाला चेहरा डोळ्यांपुढे आला, कलम अमुक पोटकलम तमुक. विकायची म्हटली तर गिऱ्हाईक आजच उभं आहे. आजकाल या जुन्या लेन्सना काय दिवस आलेत! झेनिट कॅमेऱ्यासोबत जी हेलिओस ४४-२ लेन्स जवळपास फुकट गळ्यात पडायची, ती ‘सिनेमॅटिक’ म्हणून हजारोंनी विकतात, आणि पोरं झाडाच्या पानांपुढे कुणाला तरी उभं करून मागची पानं गरगर फिरवतात. बस, एवढंच. एका पोरानं मला विचारलं, काका, यात ऑटोफोकस कुठून चालू होतो? अशा हातात मी आपली टाकुमार देणार नाही. उपाशी मरेन.

राहिलास तू. आणि तू आहेस रत्नागिरीत, भाऊ! पावसाळ्यात चपलेला बुरशी येणाऱ्या गावात. माझी फ्लेक्टोगॉन लेन्स तू ‘एका लग्नापुरती’ नेली होतीस. झाइस येनाची ३५ मिमी, आठवते ना? परत आली तेव्हा मधल्या काचेवर कोळ्यानं संसार थाटल्यासारखे धागे. मी ती उघडली, हायड्रोजन पेरॉक्साइडनं पुसली, धागे गेले. पण बुरशी वाढताना आम्ल सोडते, ते कोटिंग खातं आणि काचेवर वळ उमटतो. तो वळ अजून आहे. उजेडाकडे धरली की दिसतो आणि मी तुझं नाव घेतो. इकडे नागपुरात काय, ग्रीस वितळेल, पाकळ्या तेलकट होतील, पण बुरशीची छाती होत नाही. वर्षातले कितीतरी महिने हवाच एवढी कोरडी. म्हणजे इथे ठेवावी तर घर पेटतं, तिथे पाठवावी तर काच सडते. महिनाभर हेच डोक्यात चालू आहे. ही म्हणते, एवढा विचार चिऊचं स्थळ बघताना केला नव्हता.

आता पुरावा. लेन्स उन्हात ठेवायच्या आधी मी नव्या कॅमेऱ्यावर तिनं फोटो काढून ठेवले होते: पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत आणि वर अंबाझरीकडचं आभाळ. रंगाचा तोल ‘डेलाइट’वर बांधून टाकला, म्हणजे कॅमेरा मध्येच शहाणपणा करणार नाही. काच उजळल्यावर तीच भिंत, तेच आभाळ, तेच छिद्र. भिंत आधी हळदीची, नंतर चुन्याची. शटरही आता कमी वेळ उघडं ठेवावं लागतं. हे सगळं अपेक्षित होतं. मग सहज दोन्ही फोटो कृष्णधवल केले. नंतरच्या फोटोत आभाळ फिकट, ढग त्यात विरघळलेले. आधीच्या फोटोत आभाळ गडद राखाडी आणि ढग कापून चिकटवल्यासारखे उठून आलेले.

रामटेक, मन्या! गडमंदिराच्या मागचे ते ढग!

आता आठव. एकाच डब्यातली ओर्वोची कृष्णधवल फिल्म, एनपी २२, बापूंच्या अंधाऱ्या खोलीत आपण दोघांनी कापून भरलेली. गडावर एकाच पायरीवर उभे. दोन्ही रोल एकाच टँकमध्ये, एकाच डी-७६ डेव्हलपरमध्ये धुतलेले. तुझ्या झेनिटच्या फोटोत आभाळ कोऱ्या कागदासारखं आणि माझ्या फोटोत नाटक. तू म्हणालास, बापूंच्या खणातला पिवळा के-टू फिल्टर ढापलास. तर्री पोह्यांची शर्त मी हरलो असं तूच जाहीर केलंस, आणि महिनाभर माझ्या पैशांनी खाल्लेस, वर चणे, वर जास्तीची तर्री.

पिवळा फिल्टर होताच. पण तो लेन्सच्या पुढे नव्हता, पोटात होता. पिवळी काच निळा अडवते, निळं आभाळ फिल्मवर काळवंडतं. तुझी हेलिओस स्वच्छ, तिनं निळा सगळा आत घेतला. आणि आपल्याला शंका काऊन आली नाही? कारण माझा तेव्हाचा कॅमेरा, आपला स्पॉटमॅटिक, लेन्समधून आलेलाच उजेड मोजतो. काचेनं खाल्लेला उजेड त्यानं आपोआप भरून काढला, एक्स्पोजर बरोबर आलं, बोंब झाली नाही. तुझ्या झेनिटसारखं बाहेर सेलेनियमचं मीटर असतं, तर निगेटिव्ह पातळ आली असती आणि बापूंनी तेव्हाच पकडलं असतं.

म्हणजे तो फोटो मी काढला की थोरियमनं, हा प्रश्न तू लगेच विचारशील. पायरी मी निवडली होती. वाट मी पाहिली होती, तू खाली भेळ खात होतास.

एक गोष्ट मात्र लागली मनाला. आता ती लेन्स पुन्हा तसा फोटो देणार नाही. फिल्टर लावून देईल, तो प्रश्न नाही. ती परत पिवळी होईल, थोरियम कुठे जात नाही, पण त्याला वर्षं लागतील आणि आपल्याकडे तेवढी आहेत की नाही ते तुझा गुडघा सांगेल. जावई म्हणतात, कॉम्प्युटरवर एक पट्टी सरकवली की झालं. झालं तर.

तर मी असं ठरवलंय. नंदू पुढच्या आठवड्यात पुतणीच्या साखरपुड्याला चिपळूणला येतोय. लेन्स त्याच्या हाती देतो, तू चिपळूणला येऊन घे. डिकीत ठेवू नकोस असं त्याला बजावलंय. बॉडी तुझ्याकडे आहेच, इतक्या वर्षांनी जोडी लागेल. पण माझ्या अटी आहेत, आणि फ्लेक्टोगॉननंतर मला अटी घालायचा हक्क आहे. लाकडी कपाट चालणार नाही, चामड्याची केस तर मुळीच नाही, चामडं ओल धरतं. रबराच्या कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नासमध्ये हवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत निळे करायचे. वहिनींना आधी सांग, नाहीतर तुझ्याही घरी पत्र लिहायची वेळ येईल. महिन्यातून एकदा बाहेर काढून वापर. वापरली की टिकते.

बाळ सहा महिन्यांचं झालं की चिऊ सासरी जाईल. मग मी येतो लेन्स न्यायला. किंवा नाही नेणार, बघू.

तुझ्या मुलाचं पुण्यातल्या घराचं काय झालं? रजिस्ट्री झाली का? हापूसच्या पेट्या पाठवू नकोस, इथपर्यंत येताना अर्धे आंबे शहीद होतात आणि मग ही मलाच रस काढायला बसवते. वहिनींना नमस्कार.

पोह्यांचा हिशेब व्याजासकट मांडून ठेव, तू बँकवाला आहेस.

तुझा,
अव्या

ता.क. रामटेकची तुझ्या रोलची पट्टी तुझ्याकडेच आहे, पत्र्याच्या डब्यात, त्या लग्नाच्या निगेटिव्हजखाली. ती चिपळूणला येताना आण आणि नंदूकडे दे. पुठ्ठ्याच्या मध्ये घालून, दुमडू नकोस.