संगीतशिक्षक आणि सतराशे घोडे

चि. सईस अनेक आशीर्वाद.

पियानो शिकवणारा माणूस घोडदळाचा सेनापती कसा झाला, असं तू विचारलंस. बेंजामिन ग्रियर्सन इलिनॉयमध्ये बँड चालवायचा. लहानपणी घोड्याने तोंडावर लाथ मारल्यापासून त्याला घोडा नकोसाच वाटे. तरी अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण लढाईत, उत्तरेच्या सैन्याने त्याला घोडदळातच घातलं. बाकीची कारकीर्द तू वाचशीलच, मी सोळा दिवसांचंच लिहितो.

१७ एप्रिल १८६३ रोजी तो टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १७०० स्वार आणि सहा छोट्या तोफा घेऊन निघाला. उत्तरेचा सेनापती ग्रँट याला व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या तटबंद शहराच्या खाली मिसिसिपी नदी ओलांडायची होती. तेवढे दिवस शत्रूची नजर दुसरीकडे हवी होती. पाच दिवसांचा शिधा दहा दिवस पुरवायचा होता. घोड्यांचा दाणा वाटेत मिळेल तिथून.

त्याचं खरं डोकं दिसतं ते माणसं परत पाठवण्यात. चौथ्या दिवशी पहाटे आजारी आणि थकलेले सुमारे १७५ स्वार, कैदी आणि एक तोफ त्याने उत्तरेला पाठवली. चौघाचौघांच्या रांगेत, आलेल्याच वाटेने, म्हणजे जाणाऱ्या टापांवर येणाऱ्या टापा उमटाव्यात आणि सगळी फौज माघारी वळली असं वाटावं. दुसऱ्या दिवशी कर्नल हॅचची सेकंड आयोवा पलटणही वळवली. तिच्याकडे तोफ एकच; ती रस्त्यात चार ठिकाणी फिरवली, चार तोफांच्या चाकोऱ्या दिसाव्यात म्हणून. पाठलागावरचं घोडदळ हॅचच्या मागे लागलं आणि ग्रियर्सन साडेनऊशे स्वारांनिशी दक्षिणेला सटकला. पुढे शत्रूच्या वेशातले टेहळे असत. पकडले गेले असते तर फासावरच गेले असते.

२४ तारखेला न्यूटन स्टेशनात दोन गाड्या हाती लागल्या. व्हिक्सबर्गची रसद याच लोहमार्गाने जाई. रूळ नुसते उखडून फेकले, तर दुरुस्तीवाले तेच पुन्हा बसवतात. म्हणून लाकडी स्लीपर रचून पेटवायचे आणि रूळ त्यावर आडवे टाकायचे. मध्यभाग लाल झाला की वाकतात, मग लोखंडाच्या गिरणीत नेल्याशिवाय सरळ होत नाहीत, आणि दक्षिणेकडे तशा गिरण्या फार थोड्या. तारयंत्राची तारही तोडायचीच, नाहीतर पुढचं स्टेशन सावध होतं.

परत उत्तरेला जाणं आत्मघात होता, म्हणून तो लुइझियानातल्या, उत्तरेच्या ताब्यातल्या बॅटन रूजकडे निघाला. शेवटच्या २८ तासांत ७६ मैल, अन्न नाही, झोप नाही. स्वार खोगिरातच पेंगत. सगळ्या मोहिमेत ३ ठार, ७ जखमी, ९ बेपत्ता. ३० एप्रिलला ग्रँट नदीपार झाला होता.

२ मे रोजी बॅटन रूजच्या अलीकडे मळ्यात थांबल्यावर सगळे आडवे झाले. ग्रियर्सन मात्र घरातल्या पियानोवर जाऊन बसला. झोप लागू नये म्हणून.

तुझे बाबा