चादरीआडून आलेल्या चेंडूंबद्दल

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांत लिहितेय. कारण मला झेल घ्यायला तुम्ही शिकवलंत, हे "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही कधीच कुणाला सांगणार नाही.

जानेवारीत टोरांटोहून नाशिकला आले तेव्हा आईने कौतुकाने सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं की आमची मुलगी तिकडे आइस हॉकी खेळते, गोलकीपर आहे. डाव्या हाताला आलेला प्रत्येक दुसरा शॉट आत जातो, हे काही तिने सांगितलं नव्हतं. बाकीचे "बर्फावर? आणि तू?" म्हणून हसले. तुम्ही एकट्याने विचारलंत, "चेंडू केवढा असतो गं?" चेंडू नसतो, रबराची चकती असते, तिला पक म्हणतात, वजन 156 ते 170 ग्रॅम, असं मी सांगितलं. "म्हणजे आमच्या लेदर बॉलएवढीच की!" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गोल्फ क्लब मैदानावर हजर व्हायचं फर्मान काढलंत. टोरांटोत राहून थंडीची सवय झालीय असा माझा समज होता. तो त्या मैदानावर पहिल्याच दिवशी उतरला.

तुम्ही वीस टेनिस बॉल टाकलेत, माझे नऊ सुटले. मी हाताकडे बघत होते, तुम्ही माझ्या हनुवटीकडे. "हात वेळेवर येतोय. मान उचलतेस. चेंडू हातात यायच्या आधीच तुला झेल घेतल्याचा आनंद होतो," म्हणालात. मग चेंडूंवर स्केचपेनने 1 ते 6 आकडे टाकलेत: झेल घ्यायचा आणि घेताघेताच आकडा ओरडायचा. पहिले चार दिवस मी चक्क मनानेच आकडा ठोकून देत होते. पाचव्या दिवशी पहिल्यांदा खरोखरचा 4 दिसला, फिरत फिरत तळहातात शिरताना. नजर शेवटपर्यंत चेंडूवर ठेवली की हनुवटी आपोआप छातीकडे येते, हे मला तेव्हा कळलं.

एका बाबतीत आपलं जुंपलं, आठवतं? तुम्ही विकेटकीपर, चेंडू आला की हात मागे घेत त्याला सामावून घ्यायचे. मला हात शरीराच्या पुढे ठेवावा लागतो, म्हणजे पक आणि ग्लव्ह दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतात आणि पुढे अडवल्याने कोनही कमी होतो. हात मागे नेला तर पकसकट गोललाइनच्या आत जायचा! दोन दिवस तुम्ही ऐकलं नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच पुढे उभे राहून बघितलंत आणि "बरोबर आहे तुझं" म्हणालात. तुमच्या वयाच्या माणसाकडून हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही.

आणि ती चादर! गोलकीपरच्या समोर खेळाडू मुद्दाम उभे राहतात, शॉट सुटताना दिसतच नाही, असं मी म्हटल्यावर तुम्ही गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरीआडून चेंडू मारायला लागलात. कधी खालून, कधी कडेने. काकूंनी चादर दोनदा पुन्हा धुतली. त्यांचेही आभार मानते, मुकाट्याने नव्हती धुतली तरी.

ताशी 130 किलोमीटरने निघालेला पक नऊ मीटरवरून पाव सेकंदात पोहोचतो. दिसलं आणि हात हलला, एवढ्यालाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. तुम्हाला हा हिशेब सांगितला तर तुम्ही म्हणालात, "मग बोलरचं मनगट बघायचं, चेंडू सुटायची वाट कशाला बघतेस?" आता मी मारणाऱ्याच्या स्टिकचं पातं आणि खालचा हात बघते.

टोरांटोला परतल्यावर मार्चमधल्या पहिल्या मॅचला मी पाच गोल खाल्ले. पण डावीकडून एकच! शेवटच्या दहा मिनिटांत दोघींच्या पायांमधून एक शॉट आला आणि पकच्या कडेवरचा पांढरा ओरखडा ग्लव्हमध्ये जाईपर्यंत मला दिसत होता. तोंडातून "चार!" निघालं. आमच्या डिफेन्सवालीला अजून वाटतं, मी तिला काहीतरी इशारा दिला.

दादा पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. त्याच्याबरोबर एक पक पाठवतेय. मॅचच्या आधी पक गोठवतात, म्हणजे बर्फावर कमी उसळतो. तुम्हाला टप्पा टाकून बघितल्याशिवाय चैन पडणार नाही, तेव्हा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. फक्त काकूंना आधी विचारा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची गोलकीपर