शुगर लोफ ज्वालामुखी नव्हे

महोदय,

आयर्लंडमधील ग्रेट शुगर लोफ या टेकडीला प्रवासविषयक मजकुरात सर्रास ‘विझलेला ज्वालामुखी’ म्हटले जाते. डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो परगण्यात ब्रे गावाजवळ ही ५०१ मीटर उंचीची टेकडी आहे. तिचा एकटा, निमुळता सुळका पाहून तसे वाटते खरे, पण आकारावरून खडक ओळखता येत नाही.

ही टेकडी क्वार्ट्झाइटची. ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली वाळू दाबाने आणि उष्णतेने घट्ट होऊन हा खडक तयार झाला. तो जवळजवळ निव्वळ सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) असल्याने पावसापाण्याने कुजत नाही. आजूबाजूचे मऊ थर झिजले, हा टिकला. भेगांत शिरलेले पाणी गोठले की मात्र तो धारदार तुकड्यांत फुटतो, तुकडे उतारावर घरंगळतात आणि माथा टोकदारच राहतो. पश्चिमेकडचे विकलो डोंगर ग्रॅनाइटचे. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, म्हणून त्यांचे माथे गोलसर. गंमत अशी, की उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यातला स्लेमिश डोंगर (४३७ मीटर) खरोखरच ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या खडकाचा आहे आणि तो शंकूसारखा अजिबात दिसत नाही!

नावाचे मूळ साखरेत आहे. पूर्वी पाक शंकूच्या आकाराच्या साच्यात ओतत, टोकाच्या भोकातून मळी निथळू देत आणि उरलेली कडक, निमुळती ढेप ‘शुगर लोफ’ म्हणून विकत. टेकडीचे आयरिश नाव ‘ओ कुअलन’. ते कुअलावरून आले; कुअला हा डब्लिनच्या दक्षिणेपासून उत्तर विकलोपर्यंतचा प्राचीन प्रदेश. आयर्लंडमध्ये ‘नॉक’ म्हणजे टेकडी आणि ‘स्लीव्ह’ म्हणजे डोंगर हे शब्द असंख्य इंग्रजी नावांत टिकून आहेत. स्लेमिशमधला ‘स्ले’ त्यातलाच. शुगर लोफमध्ये जुन्या नावाचे एक अक्षरही उरलेले नाही.

दक्षिणेच्या वाहनतळापासून चढ सुमारे २०० मीटरच आहे, म्हणून लोक तो हलक्यात घेतात. शेवटच्या टप्प्यात हातांचा आधार लागतो आणि पायाखालचे सुटे दगड सरकतात; घसरण्याचा धोका चढताना कमी, उतरताना जास्त. दगड टाळायला माणसे कडेच्या झुडपांवरून चालतात, मुळे तुटतात, पावसात माती वाहून जाते आणि वाट आणखी रुंदावते. तेव्हा वाट कितीही खडबडीत असली तरी तिच्या मधूनच चालावे.

– एक वाचक