15 ऑगस्टसाठी नाल्याकाठचं गवत कापू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै निम्मा सरला की नागपुरात आमच्या भागात साफसफाईची लगबग सुरू होते. झेंडावंदन तोंडावर असतं, पाहुणे यायचे असतात, मग मोकळ्या प्लॉटवर, मैदानाच्या कडेला, नाल्याच्या काठावर गवत कापायची मशीन घरघरू लागते. मैदान कापा, पायवाट कापा, त्याला कोण नाही म्हणतं? नाल्याकाठचा चार-पाच फुटांचा पट्टा तेवढा दिवाळीपर्यंत सोडा, एवढंच सांगायला हे पत्र.

मला हे वेड कोहळ्यानं लावलं. (पुण्या-मुंबईकडचे वाचक त्याला लाल भोपळा म्हणतात.) छतावर वेल लावला होता. फुलं ढीगभर, पण फळ टिकेना. लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. शेणखत झालं, आंबट ताक झालं, शेजारच्या काकूंनी दृष्टसुद्धा काढली. शेवटी काटोलकडे संत्र्याची बाग असलेला माझा मावसभाऊ आला. चहा पिता पिता वेलाकडे बघत म्हणाला, "ताई, तुह्या छतावर माशी कोठी हाय वं?"

कोहळ्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशीनं पराग नेला तर फळ, नाहीतर गळ. पुढचा महिनाभर मी सकाळी सहाला छतावर जाऊन नर फूल तोडायची आणि मादी फुलांना टेकवत फिरायची. कोहळी धरली. पण रोज पहाटे माशीची नोकरी करताना वाटायचं, इथल्या माश्या गेल्या कुठं?

उत्तर पायाखालीच होतं. आमच्या ले-आउटमध्ये रस्ता सिमेंटचा, कडेला गट्टू (सिमेंटचे ठोकळे), अंगणात टाइल्स आणि झाडाच्या बुंध्यालाही गळफास लावल्यासारखा सिमेंटचा कठडा. मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या मोहोळ आठवतं, पण बहुतेक जातींच्या माश्या पोळं बांधतच नाहीत. त्या उघड्या मातीत बोटभर बीळ करून एकट्या राहतात. त्यांची घरं आपण गट्टूखाली पुरली. मे महिन्यात कूलरच्या ओल्या जाळीवर माश्या बसतात म्हणून आपण फडकं आपटतो. पोळं थंड ठेवायला त्या पाणी नेतात आणि वर पंखांनी वारा घालतात. म्हणजे तोही कूलरच की. फक्त वीजबिल येत नाही.

ले-आउटमागून एक नाला जातो. तो पुढं मोठ्या नाल्याला आणि शेवटी नाग नदीला मिळतो. त्याच्या काठाची पट्टी कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांच्या कचऱ्याची होती. तीन वर्षांपूर्वी आम्ही आठ-दहा जणांनी ती साफ केली. मुनगा (म्हणजे शेवगा), कढीपत्ता, लिंबू, बेल, तुळस लावली, आपोआप आलेली रुई ठेवली. गाजरगवत तेवढं उपटलं. तरोटा (काही भागांत याला टाकळा म्हणतात), एकदांडी, कुरडू उगवले तसे राहू दिले. खरं सांगायचं तर लावलेल्या झाडांपेक्षा या न लावलेल्या गोष्टींवरच जास्त पाखरं आली. श्रावणात तरोटा पिवळा फुलला की सकाळी भुंग्यांचा आवाज फाटकापर्यंत येतो.

पहिल्या वर्षी कढीपत्त्याच्या पानांवर चिमणीनं शिटल्यासारखे डाग दिसले. काकू फवारणीचा पंप घेऊन निघाल्याच होत्या. जवळून पाहिलं तर डाग चालत होता! ती लिंबाळी फुलपाखराची अळी. आठवड्याभरात ती हिरवीगार झाली आणि आमच्या नातवानं काडीनं टोचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढून असा काही वास सोडला की तो पळतच घरात आला. त्या दिवसापासून काकू कढीपत्ता खुडताना आधी पान उलटून बघतात. नीलवंत हे आपल्या राज्याचं फुलपाखरू, 2015 साली तसं जाहीर झालं. त्याच्याही अळ्या लिंबू-संत्र्याच्या कुळावरच वाढतात. संत्रानगरीला याहून शोभणारा पाहुणा कोणता? आमच्याकडे तो आजवर एकदाच दिसला.

आता पाण्याचं. पट्टीत काम करताना लक्षात आलं की पावसाळी नालीत उन्हाळ्यातही साबणाचा फेस येतो. पाइप शोधत गेलो. तीन घरांचं सांडपाणी गडरलाइनऐवजी पावसाच्या नालीत सोडलेलं होतं. त्यातलं एक घर माझं. वॉशिंग मशीनचा पाइप प्लंबरनं जवळ पडतं म्हणून तिकडे काढून दिला होता आणि मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. लाज वाटली. तो पाइप आता बदलला आहे. बाकी दोन घरांचंही हो-ना करत झालं.

काठावर गवत-झुडूप असलं की पहिल्या पावसाचं पाणी रस्त्यावरची माती, तेल, कुत्र्यांची घाण घेऊन थेट नाल्यात उडी मारत नाही. गवतात अडतं, गाळ बसतो, थोडं मुरतं. आमच्या पट्टीत दर पावसानंतर बोटभर गाळ साचलेला दिसतो. तो नाहीतर नाग नदीत गेला असता, आणि नाग नदी काही नागपुरात संपत नाही. ती कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते आणि आपली घाण गोसेखुर्द धरणाच्या पाण्यापर्यंत पोचते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी 1900 कोटींहून मोठी योजना मंजूर आहे, ती व्हायलाच हवी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नदी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटच्या घरांत शिरली, तेव्हा काठ म्हणजे नुसती भिंत नव्हे हे आपण पाहिलं. गवताची पट्टी तसा पूर अडवेल असा माझा दावा नाही. रोजची घाण ती अडवते, हे मात्र डोळ्यांनी पाहिलं आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका ठेकेदाराची माणसं आली. आम्ही घरात होतो. तासाभरात फुललेला तरोटा, रुई, हाताएवढी बेलाची रोपं, सगळं जमिनीसरपट. जाताना एकानं कडेकडेनं तणनाशक मारलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, वरून ऑर्डर आहे, हिरवं दिसायला नको." स्वातंत्र्यदिनाला हिरवं दिसायला नको! त्याच रात्री पाऊस आला आणि ते औषध धुऊन नाल्यात गेलं. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीमागे (रोगराई, वाईट ते सगळं घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं नेतात त्या पुतळ्यामागे) नाचताना "घेऊन जा गे मारबत" म्हटलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्या तणनाशकाचा डबाही तिच्यासोबत दिला.

गवत म्हटलं की साप आणि डेंग्यू निघतो. सापाचं खरं आहे, म्हणून पायवाट आणि मुलांच्या खेळण्याची जागा आम्ही स्वतःच कापतो. पण डेंग्यूचा डास अंडी घालतो ती साचलेल्या स्वच्छ पाण्यात. कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, छतावरच्या टायरात. आधी ते रिकामं करा. धुराची गाडी आली की डासांसोबत माश्याही मरतात, तेव्हा ती निदान फुलं मिटल्यावर, अंधार पडल्यावर फिरवावी.

शहरातल्या सर्व संबंधित यंत्रणांना विनंती आहे: नाले आणि तलावांच्या काठचा पट्टा बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, कापू नये. पाण्याच्या जवळ तणनाशक वापरू नये. कामाच्या आदेशातच तसं लिहिलं तर मशीनवाल्या भावाशी आम्हाला भांडावं लागणार नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

तूर्तास आम्ही पाटी लावली आहे, "हे गवत मुद्दाम ठेवलेलं आहे." खाली काकूंनी खडूनं भर घातली, "कोवळा तरोटा भाजीला खुडू शकता. मुळासकट उपटू नये."

आपली नम्र,
एक वाचक, पश्चिम नागपूर