कथा नसलेल्या चित्रपटाचा आवाज तरी नीट ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातील एका सभागृहात मुलांनी केलेल्या लघुपटांचा कार्यक्रम नुकताच झाला. त्यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी विचारले आहे, की ज्यात कथा नाही, संवाद नाहीत, नट-नटी नाहीत, त्याला चित्रपट कशाला म्हणायचे आणि आईबापांनी फी तरी कशासाठी भरायची? त्या कार्यक्रमातला एक चित्रपट माझ्या भाचीचा होता. ती राज्याबाहेर चित्रपटाचे शिक्षण घेते. पण मी केवळ मामा म्हणून लिहीत नाही. गोव्याच्या फोंडा तालुक्यात जत्रांच्या नाटकांना पार्श्वसंगीत देण्यात माझे आयुष्य गेले आहे. विंगेत पत्रा हलवून गडगडाट करायचा, सुपात तांदूळ फिरवून पाऊस पाडायचा, करवंट्या आपटून घोडे दौडवायचे, हे मी कीबोर्ड येण्याच्या आधीपासून करत आलो. त्यामुळे त्या संध्याकाळी सभागृहात आवाजाची जी गत झाली ती मला फार लागली.

चित्रपट चार-पाच मिनिटांचा. तो लॅपटॉपवर लावला आणि लॅपटॉपच्या स्पीकरपुढे निवेदकांचा माइक धरला. पंखे चालू, मागच्या ट्यूबलाइट चालू, दारे सताड उघडी. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे आवाज निघतच नाहीत. घुमट या आमच्या मातीच्या चर्मवाद्याचा घुमारा गेला, पाण्याखालची घरघर गेली, उरली ती वरची चरचर. पडद्यावर तांबड्या-पांढऱ्या रेघा नाचताना दिसल्या आणि कानांवर चरचर आली. अशा वेळी ‘काही कळले नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना मी दोष देणार नाही. मात्र त्यांनी जे पाहिले तो चित्रपट अर्धाच होता, हे सांगणे मला भाग आहे.

तो कसा झाला ते मी सुट्टीत आमच्या माडीवर बसून पाहिले आहे. खालून दिवा लावलेल्या काचेवर १६ मिलिमीटरच्या काळ्या फिल्मची पट्टी चिकटपट्टीने ताणून धरलेली. डोळ्याला घड्याळजीचे भिंग आणि हातात शिवणाची सुई लाकडी दांडीत खोचलेली. ती फिल्मवरचा काळा थर खरवडते. खरवडले तेथून उजेड येतो. उत्तर गोव्यात पेडण्याकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर जी कावी चित्रे आहेत, त्यांची रीतही हीच. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. भाचीने वेलबुट्ट्या आणि मोर कावीतूनच घेतले आणि वर तांबडी शाई चढवली. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रे. तिने एकेक चित्र दोन फ्रेमना वापरले, तरी मिनिटाला ७२० झाली. फ्रेमची उंची साडेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यात मोराचा पाय हलवायचा.

मला मात्र तिथे खिळवून ठेवले ते आवाजाने. या फिल्मच्या एका कडेला भोके असतात आणि दुसऱ्या कडेला आवाजाची चिंचोळी पट्टी. प्रोजेक्टरमधला एक लहान दिवा त्या पट्टीतून आरपार पडतो, पलीकडचा प्रकाशसंवेदी सेल उजेडाचा चढउतार टिपतो आणि त्याचाच आवाज होतो. मग माइकवर काही ध्वनिमुद्रित न करता त्या पट्टीवर सुईने रेघा ओढल्या तर? आवाज येतोच. एका फ्रेमच्या उंचीत सारख्या अंतरावर अठरा रेघा ओढल्या की सेकंदाला ४३२ कंपने होतात. तिने संस्थेतल्या प्रोजेक्टरवर चालवून आणलेला तो सूर मी पेटीशी लावून पाहिला. मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या, अगदी किंचित खाली लागला. रेघा निम्म्या केल्या, नऊ ठेवल्या, की तोच सूर खालच्या सप्तकात. रेघ फिकी तर आवाज हलका, रेघ ठळक तर आवाज मोठा. शिवाय प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी आणि आवाजाचा दिवा एका जागी नसतात. म्हणून १६ मिलिमीटरवर आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे ओढावा लागतो. मोराने पाय टेकला की थाप ऐकू यावी यासाठी ती थाप एका सेकंदाहून थोडी अधिक आधी कोरायची. इतकी वर्षे मी आवाज कानांनी जुळवत आलो. ही मुलगी तो फूटपट्टीने मोजून जुळवत होती.

हे खूळ तिच्या एकटीचे नाही. नॉर्मन मॅकलॅरेन यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात वर्षानुवर्षे फिल्मवर हाताने चित्रे आणि सूर रेखाटले. आपल्याकडे प्रमोद पती यांनी १९६० च्या दशकात फिल्म्स डिव्हिजनच्या, म्हणजे सरकारच्याच पैशांतून चित्र आणि आवाजाचे प्रयोग केले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. आणि मराठी माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केले? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंत थोडा थोडा वेळ थांबून फ्रेमा घेतल्या. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती, गोष्टही नव्हती. वेल डोळ्यांदेखत वाढताना दिसल्यावर पैसे घालणाऱ्याला विश्वास आला. पुढे त्यांनी आगकाड्या नाचवल्या त्याही अशाच, एकेक फ्रेम घेत.

चित्रपटात सुईने कोरलेल्या सुरांखाली गोव्याचे आवाज आहेत. ते मिळवताना मी तिच्याबरोबर हिंडलो. चोडणच्या फेरीबोटीच्या लोखंडी कठड्याला तिने रुपयाच्या नाण्याएवढी, माइकचे काम करणारी पितळी चकती चिकटवली. ती हवेतले काही ऐकत नाही, धातूतली थरथर तेवढी ऐकते. फळी धक्क्यावर टेकली तेव्हा हेडफोनमध्ये जो आवाज आला तो मी नाटकात कधी काढू शकलो नसतो. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांपाशी) आम्ही भरतीची वाट पाहत बसलो. ओहोटीत पाणी बाहेर पडत असते तोवर लाकडी दारे उघडी असतात. भरतीचे पाणी उलट चढू लागले की त्याच्याच दाबाने ती मिटतात. मिटताना आधी एक लांब कण्हणे आणि मग थड्. नंतर तिने पाण्यात बुडवायचा माइक सोडला. खाडीत सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, जातीचा एक जीव नांगी झटकून टचकन आवाज काढतो. असे शेकडो एकदम वाजू लागले की तेलात काहीतरी तळत आहे असे वाटते. हा आवाज त्या सभागृहात किती जणांना ऐकू आला असेल?

आता मागणे. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात होतो. नोव्हेंबरात जगभरचे चित्रपट पणजीत येतात, आमची मुले ते पाहतात, त्यातूनच काहींना या शिक्षणाची ओढ लागते. पण बाकीचे वर्षभर स्वतःचे काम नीट दाखवायला त्यांना जागा नाही. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगाव, कुडचडे, साखळीला रवींद्र भवने आहेत. तेथे महिन्यातली एक संध्याकाळ कथाबाह्य, प्रायोगिक आणि ॲनिमेशन लघुपटांना द्यावी. हे चित्रपट लहान असतात, तासाभरात आठ-दहा सहज होतात. अट एवढीच, की आवाज सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून, पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरवर यावा. ज्याचा चित्रपट आहे त्याला आधी अर्धा तास आवाज तपासायला मिळावा. अंधार पूर्ण असावा आणि चित्रपट संपेपर्यंत दारे बंद असावीत. नाटकाला आपण हे सारे करतोच. एकदा असे पाहून-ऐकूनही ज्यांना आवडणार नाही त्यांनी जरूर टीका करावी. मुलांना तीही हवी असते.

दुसरे मागणे पणजीतल्या पाटोवरच्या कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालयाकडे. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या त्या संस्थेत गोव्याच्या आवाजांचा संग्रह व्हावा, आणि विद्यार्थ्यांना तो कामासाठी वापरता यावा. याची निकड मला जाणवते ती घुमटामुळे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले ते योग्यच झाले; आता बकऱ्याचे कातडे लावतात. पण दोन्हींचा नाद वेगळा, हे चवथीच्या आरतीला बसलेला कुठलाही जुना माणूस सांगेल. तो जुना नाद आता ध्वनिफितींतच सापडायचा, आणि आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. भाचीला तो चित्रपटासाठी हवा होता तेव्हा माझ्या पेटाऱ्यातल्या कॅसेटींपैकी मोजक्याच धड वाजल्या.

माझ्याकडे जत्रेतल्या नाटकांच्या, आरत्यांच्या, भजनांच्या कॅसेटी आणि काही स्पूल आहेत. बहुतेकांवर गाव आणि नाटकाचे नाव लिहिलेले आहे. संग्रह करायचे ठरले तर त्या मी विनामूल्य देईन, आणि कुठला आवाज कशाचा हे सांगायला स्वतः येऊन बसेन. माझ्यासारखे पार्श्वसंगीतवाले, पेटीवाले, माइकवाले पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहेत. त्यांनी आपले पेटारे पावसाळ्यापूर्वी उघडून पाहावेत आणि बुरशी लागलेली फीत ओली असताना यंत्रात घालू नये.

आपला,
जत्रेच्या नाटकांना पार्श्वसंगीत देणारा एक वाचक,
म्हार्दोळ, फोंडा